लुगड्यावरचा उजेड

धान कापून शेतातल्या बांध्यांमध्ये आडवं पडलं की मला घरात बसवत नाही. भाऊबीज झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, लागतात, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. दहाला पडदा उघडतो तो तांबडं फुटेपर्यंत. लोक चटया, चादरी, लेकरं आणि चिवड्याच्या पिशव्या घेऊन येतात आणि नाटक संपेपर्यंत उठायचं नाव काढत नाहीत. त्या नाटकांना उजेड द्यायचं काम मी करते. त्यामुळे इतरांची दिवाळी संपते तेव्हा माझी सुरू होते.

पहिलं काम म्हणजे पेटी उघडायची. माळ्यावरची लोखंडी पेटी अंगणात काढते, हॅलोजनचे जुने पत्र्याचे डबे पुसते, वायरींची टोकं तपासते आणि एकेक दिवा लावून बघते. वर्षभर काचेवर बसलेली धूळ जळायला लागते आणि तो जळका वास घरभर फिरतो. आतल्या हातमागाच्या खोलीतून सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास येतच असतो. हे दोन वास एकदम नाकात शिरले की मी पुन्हा तेवीस वर्षांची होते. इतके सीझन झाले तरी हे काही चुकत नाही, आणि आता ते चुकू नये असंच मला वाटतं.

यंदा पेटी उघडण्याआधीच देवरावभाऊंचा फोन आला. देवरावभाऊ म्हणजे आमच्या नाटक कंपनीचे मालक. म्हणाले, "रत्ने, यंदा सगळे एलईडी घेऊन टाकू. ते डबे कायले वाहून राहिली? भंगारात दे."

मी म्हटलं, "पाहू."

माझं 'पाहू' म्हणजे 'नाही', हे त्यांना आता कळतं. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि फोन ठेवला. पण एक सीझन असा होता, की 'पाहू' हा शब्द त्यांच्या तोंडात होता, माझ्या बाबांच्याही तोंडात होता, आणि मी मध्ये उभी होते.

आमचं घर मोहाडीचं, विणकराचं. बाबा कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवतीसारख्या दातेरी काठाची लुगडी विणायचे. आमच्याकडे पाहुणा आला तर आधी त्याच्या अंगावरचं कापड बघतात, मग तोंड. माझ्या मावशीच्या लग्नात नवरदेव कसा दिसत होता हे आईला आठवत नाही, पण त्याच्या उपरण्याचा काठ ती आजही सांगते, किती बोटं रुंद होता ते. हे काही वाईट आहे असं आम्हांला कधी वाटलं नाही. सोनार दागिना बघतो, वाणी माल बघतो, आम्ही कापड बघतो.

मी आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला होता. वर्गात मी एकटी मुलगी. पास झाल्यावर दोन वर्षं जिथे तिथे विचारत फिरले. ठेकेदार म्हणायचे, "पोरगी खांबावर चढन का?" मी म्हणायचे, चढते, आत्ता दाखवू का? मग ते म्हणायचे, चढशील गं, पण लोक काय म्हणतील. लोकांना काय म्हणायचं ते लोकांनी म्हणावं, मला खांबावर चढू द्या, असं माझं म्हणणं. त्यावर ते हसायचे. तर दोन वर्षं मी घरी बसून बाबांसाठी कांड्या भरत होते. चरखा फिरवायचा, सूत कांडीवर गुंडाळायचं, टोपलीत टाकायचं. बाबांना नवा ताणा जोडायचा असला की समोर बसून एकेक धागा पुढे करायचा. त्या कामाला दोन माणसं लागतातच.

इंदुताई आमच्याकडे लुगडं घ्यायला आल्या त्या दिवशीही मी कांड्याच भरत होते. पन्नाशीच्या बाई, आवाज भरदार, देवरावभाऊंच्या कंपनीत आईच्या भूमिका करायच्या. नव्या नाटकात शेवटच्या अंकासाठी त्यांना एक भारी लुगडं हवं होतं. बाबांनी तांबड्या अंगाचं, हिरव्या करवती काठाचं लुगडं उलगडलं, तसं त्यांनी दारातल्या उजेडात नेऊन ते उलटसुलट पाहिलं. बाबांना ते फार आवडलं. रंग बघायचा तर दारात, बल्बखाली नाही, हे सगळ्या गिऱ्हाइकांना समजत नाही.

बोलता बोलता इंदुताई म्हणाल्या, सीझन आठ दिवसांवर आला आणि आमचा लाइटवाला दुसऱ्या कंपनीत गेला. "तुमच्या इकडं कोणी वायरमन हाये का, वहिनी?"

आईनं माझ्याकडे बोट केलं. "हे काय, बसली हाये."

दुसऱ्या दिवशी देवरावभाऊ आले. मला वरून खाली बघितलं, माझं सर्टिफिकेट बघितलं, पुन्हा मला बघितलं. त्यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. म्हणाले, "चार खेळ पाहतो. जमलं त सीझन तुहा. नाही जमलं त डीजेवाल्याले बोलावतो. त्याच्यापाशी तयार सामान हाये, बटन दाबलं का झालं."

मी बाबांकडे बघितलं. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. धोटा इकडून तिकडे जात होता. तो न थांबवता ते म्हणाले, "चार खेळ म्हणते ना. चार खेळ जाय. मंग पाहू."

म्हणजे चार खेळ दोघांनीही दिले होते. पाचव्याचं कोणीच काही बोललं नव्हतं. मी त्या रात्री ठरवून टाकलं की पाचवा खेळ मी करणार. कसा, ते मला माहीत नव्हतं. सहा दिवे, सहा दांड्यांचा एक डिमर, रंगीत जिलेटिनचे कागद आणि मी, एवढं भांडवल. दांडी वर केली की दिवा वाढतो, खाली केली की मंद होतो, हे मला दहा मिनिटांत समजलं. उरलेलं समजायला ते चार खेळ गेले.

पहिला खेळ करडीचा. दुपारपासून मी बांबूंवर दिवे बांधत होते आणि कुठे बांधायचे हे मला कोणी सांगायची गरजच वाटत नव्हती. आमच्या घरात दिवा कुठे ठेवतात हे मी जन्मापासून बघत आले होते. बाबांच्या मागाशी डाव्या हाताला, ताण्याच्या जेमतेम वर, एक बल्ब टांगलेला असायचा. डोक्यावर दिवा लावला तर ताणा सपाट दिसतो, तुटलेला धागा लपून जातो. दिवा बाजूला आणि खाली असला की उजेड कापडावरून सरपटत जातो, प्रत्येक धाग्याची सावली पडते, आणि तुटला असेल तो लगेच डोळ्यांत येतो. मी तेच केलं. दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर, चार दिवे बांधले.

नाटकाची गोष्ट साधी होती. एका बाईनं गरिबीपायी आपला मुलगा लहानपणी दुसऱ्यांच्या ओटीत घातलेला असतो. तो मोठा होतो, त्याचं लग्न निघतं, आणि शेवटच्या अंकात ही बाई आयुष्यभर पेटीत जपलेलं एकमेव लुगडं नेसून, कोणी न बोलावता, मांडवाच्या मागे येऊन उभी राहते. मुलगा तिच्या समोरून जातो. ती बोलत नाही. ऑर्गनवर एक अख्खं कडवं वाजून होईपर्यंत ती नुसती उभी असते आणि मग निघून जाते.

करडीला इंदुताई मांडवामागे येऊन उभ्या राहिल्या आणि मी चारही दांड्या हळूहळू वर केल्या. काय सांगू, बाबांचं लुगडं पेटून उठलं. कोशाची चमक, काठाचे दाते, निऱ्यांच्या सावल्या, सगळं मागच्या चटईपर्यंत दिसत होतं. बायकांमध्ये कुजबुज झाली. मला वाटलं, जमलं, पहिल्याच खेळात जमलं.

सकाळी देवरावभाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "सगळ्या बाया इचारून राहिल्या, लुगडं कोठचं हाये. एकीच्या डोळ्यांत पाणी नाही. म्या नाटक करून राहिलो का लुगड्याचं दुकान लावून राहिलो?"

इंदुताई शाळेच्या व्हरांड्यात तोंडाचा रंग पुसत बसल्या होत्या. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले. त्यांनी मला रागावावं अशी माझी इच्छा होती, पण त्या रागावल्या नाहीत. तेलाचं बोट गालावरून फिरवत म्हणाल्या, "म्या त लय रडली व, रत्ना. माहं मलेच माहीत."

मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं. त्या अंधारात उभ्या राहून रडत होत्या आणि मी त्यांच्या निऱ्यांना उजेड देत होते. ही चूक दुसऱ्या कोणी लाइटवाल्यानं केली नसती. त्यासाठी विणकराच्याच घरी जन्माला यावं लागतं.

दुसरा खेळ तुमसरच्या बाजूला होता. दुपारी मी रंगमंचावर दिवे घेऊन बसले होते आणि कुठे बांधावे ते सुचत नव्हतं. सगळी कंपनी झोपली होती. इंदुताई लुगडं खोचून वर आल्या. म्हणाल्या, एक दिवा बांध वर, समोरून, थोडा बाजूनं. मी बांबूवर चढले आणि बांधला. खांबावर चढायची माझी हौस त्या सीझनला पुरेपूर फिटली.

"लाव आता. आन इथं ये. डोळे मीट. हळूहळू चालत जाय. गालाले गरम लागन तिथं थांब."

भर दुपारी, उघड्या मांडवात, उजेड कुठे पडलाय हे डोळ्यांना दिसतच नव्हतं. मी डोळे मिटून फळ्यांवरून चालले. दोन पावलं काहीच नाही. मग डाव्या गालावर ऊब आली, अजून एक पाऊल टाकलं तसं कपाळ तापलं.

"आता उघड."

दिवा बरोबर माझ्या डोळ्यांत होता.

"नटीले उजेड दिसत नाही, लागते," इंदुताई म्हणाल्या. "तीस वर्षं म्या असाच हुडकून राहिली. कोणता बी लाइटवाला असो, कसा बी बांधो, गाल सांगते. पण तू करडीले जे बांधलं, ते माह्या गुडघ्याले लागून राहिलं होतं. गुडघ्यानं कसं रडू?"

दोघीही हसलो. मग मी विचारलं, मी चुकले कुठे, नीट सांगा. त्यांनी गालावर हात ठेवला. "तू मले खालून पाहून राहिली. माणूस वरून पाहाचा. डोळ्यांपासून. मंग जेवढा उरन तेवढा उजेड खाली जाऊ दे."

पुढे मी पुस्तकं पाहिली, नागपूरला एका शिबिरात जाऊन आले, मोठमोठे शब्द ऐकले. समोरचे दोन दिवे डोक्याच्या वरून तिरके, एक डावीकडून, एक उजवीकडून; एक पिवळट, एक जरा निळसर. दोन्ही सारखे ठेवले तर तोंड थाळीसारखं सपाट दिसतं, एक थोडा खाली आणला की नाक येतं, गाल येतो, वय येतं. मागून एक दिवा, केसांच्या आणि खांद्यांच्या कडेला लागणारा, म्हणजे माणूस रंगवलेल्या पडद्यापासून सुटा होतो. हे सगळं खरं आहे आणि मी नव्या लोकांना हेच शिकवते. पण यातलं बहुतेक इंदुताईंनी त्या दुपारी गालावर हात ठेवून सांगून टाकलं होतं.

म्हणूनच देवरावभाऊंच्या एलईडीशी माझं भांडण आहे. त्या दिव्यांवर माझा राग नाही. वीज कमी खातात, रंग हवा तो देतात, जिलेटिन जळत नाही. पण ते गार असतात. नव्या मुलींच्या गालाला काहीच लागत नाही. त्यांच्यासाठी मी फळ्यांवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या फुल्या मारते, तर त्या फुली शोधायला खाली बघतात, आणि नटीनं खाली बघितलं की संपलं. म्हणून एलईडी येऊ देत, पण चेहऱ्याचे दोन हॅलोजन माझ्याबरोबर टेम्पोत जाणारच. इंदुताई आता काम करत नाहीत, मुलीकडे असतात. सीझन लागला की मात्र फोन येतो आणि पहिला प्रश्न हाच असतो, "डबे नेले ना व?"

त्या दुसऱ्या खेळात चेहरे दिसले, पण मी दुसरीकडे माती खाल्ली. रात्रीचा प्रसंग होता, वरात येते, नवरी उतरते. रात्र म्हणून मी हिरवट निळा कागद लावला. नवरीचा लाल शालू त्या उजेडात कुळकुळीत काळा झाला. पुढच्या चटईवरून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अवं माय, नवरीले काळं काहून नेसवलं?" आणि सगळा मांडव हसला. रंग दारात नेऊन बघायचा असतो हे ज्या घरात रोज घोकतात त्या घरची मी. देवरावभाऊंनी नुसती दोन बोटं वर केली, म्हणजे दोन खेळ उरले.

तिसरा खेळ नाकाडोंगरीचा. जंगलाच्या कडेला कडाक्याची थंडी, आणि खाणीकडच्या रस्त्यावरची काळपट धूळ काचांवर बसत होती. मी दर अंकाला ओढणीच्या टोकानं काचा पुसत होते. तिसऱ्या अंकात वीज ढेपाळली. गेली नाही, नुसती मंदावली. सगळे दिवे पिवळे पडले आणि मी सगळ्या दांड्या वर ढकलल्या तरी उजेड काही वाढेना. मला रडू यायचं बाकी होतं. इंदुताई त्या पिवळट उजेडात म्हाताऱ्या बाईचं काम करत होत्या.

खेळ संपल्यावर एक माणूस कानटोपी सरळ करत माझ्याकडे आला. "तुमीच लाइट करता का? मंगाशी लाइट कमी काहून केली होती?"

मी म्हटलं, "कमी केली नाही, भाऊ. वीजच कमी होती."

"असं का. पण बरं वाटून राहिलं. बाई खरंच थकली असं वाटलं मले." एवढं बोलून तो चटई काखेत मारून निघून गेला.

त्याचं नाव मी विचारलं नाही. पण टेम्पोत मागे दिव्यांच्या डब्यांना टेकून बसले असताना मी तेच घोकत होते. तोवर मी समजत होते की माझं काम उजेड वाढवायचं आहे. त्या माणसानं मला न विचारता दुसरी बाजू दाखवली. कमी करायचं धाडस माझ्यात नव्हतं, ते त्या रात्री विजेनं केलं. चौथ्या खेळाला ते मी स्वतः करणार होते.

चौथा खेळ एकोडीचा. दुपारी पोचले तर रंगमंचावर चकाचक लोखंडी चौकट उभी, तिच्यावर रंगीत दिवे फिरताहेत, आणि एक गडी खुशीत त्यांच्या माना हलवून बघतोय. डीजेवाला आला होता. माणूस चांगला होता. माझी एक वायर तुटलेली दिसली तर स्वतःची काढून दिली. मी देवरावभाऊंकडे गेले.

ते नजर चुकवत म्हणाले, "मंडईवाल्याइनं त्याले नाचासाठी बोलावलं होतं. म्या म्हटलं आलाच हाये त शेवटचा अंक त्याले करू द्यावा. धूर गिर सोडन, लाल लाइट मारन. लोकाइले आवडते."

"चार खेळ म्हटलं होतं, भाऊ."

"चौथा करूनच राहिली ना तू? शेवटचा अंक त फक्त..."

"शेवटचा अंक धरून चार. चौथा खेळ अजून सुरू बी नाही झाला."

मला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. देवरावभाऊंनी एकदा त्या लोखंडी चौकटीकडे बघितलं. मग म्हणाले, "कर मंग. पण तुह्या जबाबदारीवर. आज बिघडलं त मले सांगाले येऊ नोको, डबे इथंच ठेवून घरी जाजो."

मी डबे बांधायला लागले. करडीला गुडघ्याच्या उंचीवर होते त्या चारांतले तीन दिवे वर बांधले. एक मात्र खालीच ठेवला, डाव्या बाजूला, पाचव्या दांडीवर. का ठेवला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. सवय म्हणा.

दुसऱ्या अंकानंतर मी काचा पुसायला उठले तेव्हा पुढच्या चटईवर, कांबळ पांघरून, बाबा बसलेले दिसले. माझा विश्वास बसेना. बाबांनी आयुष्यात कधी नाटक बघायला म्हणून गाव सोडलं नव्हतं. मी धावत गेले.

"तुमी कसे काय?"

"करडीचा एक माणूस आला होता कापड घ्याले. म्हणे, तुमचं लुगडं लय चमकलं. सगळं गाव बोलून राहिलं, म्हणे." बाबा जरा लाजल्यासारखे हसले. "म्हटलं, आपलं कापड असं लाइटीत कधी पाह्यलं नाही. पाहून यावं. कोणत्या अंकात हाये ते?"

"शेवटच्या," मी म्हटलं आणि परत येऊन दांड्यांपुढे बसले.

शेवटच्या अंकापर्यंत माझं नाटकात लक्ष होतं असं मी म्हणणार नाही. हात सवयीनं चालत होते. चाळीस वर्षं तो माणूस खड्ड्यात पाय सोडून बसला होता. त्याच्या हातचं कापड लग्नांत गेलं, कपाटांत गेलं, कुठे कुठे गेलं, त्यानं ते कधी कोणाच्या अंगावर नीट उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. आज तो साकोलीच्या पुढे दोन बसगाड्या बदलून आला होता. आणि पाचवी दांडी माझ्या बोटाखाली होती. ती नुसती दोन बोटं वर केली असती तरी काठ लखलखला असता. देवरावभाऊंना कदाचित कळलंही नसतं.

इंदुताई मांडवामागे येऊन उभ्या राहिल्या. ऑर्गनचा सूर लागला. त्यांनी डोळे मिटले, अर्धं पाऊल डावीकडे सरकल्या, गालावर दिवा सापडला तसे डोळे उघडले. मी समोरचा उजवा दिवा हळूहळू खाली घेतला. मग मागचा. मांडव अंधारला, नवरा-नवरी अंधारली. फक्त एक चेहरा उरला, तोही अर्धा. लुगडं अंधारातच होतं. मी पाचव्या दांडीवरचं बोट उचललं आणि हात मांडीखाली दाबून बसले, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

मुलगा समोरून गेला. इंदुताईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. तेवढंच. हजारभर माणसं बसली होती आणि ऑर्गन व एका लेकराचा खोकला सोडला तर काही ऐकू येत नव्हतं. मी बाबांकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.

उजाडल्यावर देवरावभाऊ आले. डीजेवाला तेव्हा आपली चौकट सोडत होता. देवरावभाऊंनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. फेब्रुवारीपर्यंतच्या सगळ्या खेळांच्या तारखा आणि गावं होती. "माह्याकडून होकार हाये," ते म्हणाले. "पण तुह्या बाबाले विचार. तिकडं मागावर माणूस नाही म्हणत होते ते. त्यायनं नाही म्हटलं त मी काही बोलणार नाही."

कंपनी दुपारी निघणार होती. मी बाबांबरोबर सकाळच्या बसनं मोहाडीला निघाले. बाबा खिडकीशी बसले, कांबळ मांडीवर घेऊन. दोन्हीकडे कापलेल्या धानाच्या कडपा पडलेल्या होत्या. साकोली गेली. मी कागद त्यांच्या हातात दिला, देवरावभाऊ काय म्हणाले ते सांगितलं. त्यांनी तो न वाचताच सदऱ्याच्या खिशात ठेवला. मला सगळं कळून चुकल्यासारखं झालं. दोन बसगाड्या बदलून आलेल्या बापाला मी अंधार दाखवला होता. आता ते परत कांड्या भर म्हणणार, असं मला वाटलं. भांडायचं मात्र मी ठरवलं होतं, आज नाही तर उद्या.

लाखनी आली तेव्हा मला राहवेना. मी म्हटलं, "बाबा, लुगड्याचं वाईट वाटलं का तुमाले?"

"कोणत्या लुगड्याचं?"

"जे पाहाले तुमी आले होते. इंदुताईच्या अंगावरचं."

बाबा माझ्याकडे वळले.

"अरे हो," ते म्हणाले. "ते त पाहाचंच राह्यलं. ते बाई तिथं उभी होती ना, पोरगा समोरून गेला... मंग माह्या ध्यानातच नाही राह्यलं."

ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. बस सुटली. जरा वेळानं त्यांनी खिशातला कागद काढला, मांडीवर सपाट केला, चष्मा नव्हता म्हणून लांब धरला आणि यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"हे कोणतं गाव व? इथं येतो म्या. इथं पाहीन लुगडं."